पुन्हा घरी आणलेली पुस्तकं

स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला कळतं. वाचनात झालेली चूक मात्र वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. पुस्तक मिटलं, परत केलं, चार माणसांत त्याच्याबद्दल बोललं, की ते वाचून झालं. आपण कुठे घाई केली, काय गाळलं, कोणत्या पानावर आपलंच मत लेखकाच्या तोंडी घातलं, हे तपासायला कुणी येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मला सगळे 'खूप वाचणाऱ्या बाई' म्हणून ओळखतात. शाळेत मराठी शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, आणि वाचनालयाचं सभासदत्व तर त्याहून जुनं. या ओळखीचा मला अभिमान होता. पण अलीकडे वाचनालयातून आणलेल्या काही पुस्तकांनी मला दाखवून दिलं, की ज्यांच्याबद्दल मी सगळ्यांत ठामपणे बोलत आले, तीच पुस्तकं मी सगळ्यांत वाईट वाचली होती. त्यातल्या एका चुकीचं नुकसान माझ्यापुरतं राहिलं नाही, ते वाचनालयाचंही झालं. म्हणून हे लिहिते आहे.

निमित्त झालं माझ्या एका विद्यार्थिनीचं. ती आता स्वतः शिक्षिका आहे. तिने फोन करून विचारलं, "बाई, 'स्मृतिचित्रे'बद्दल वर्गात काय सांगू?" मी लगेच बोलायला लागले आणि ती लिहून घेऊ लागली. बोलता बोलता लक्षात आलं, की मी सांगते आहे ते पुस्तकातलं नाही, माझ्या जुन्या टाचणवहीतलं आहे. वाक्यं तीच, क्रमही तोच. फोन ठेवल्यावर मी ठरवलं, की काही काळ नवी पुस्तकं बाजूला ठेवायची आणि ज्यांच्याबद्दल आपलं मत पक्कं आहे तीच पुन्हा घरी आणायची.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सगळ्यांत आधी आणलं. हातात आली ती मी पूर्वी वाचलेलीच प्रत. तिच्यात पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या आणि त्या माझ्याच होत्या. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करू नयेत हे मी मुलांना बजावून सांगत असे आणि स्वतः मात्र रेघा ओढत असे. पेन्सिल पुसता येते, ही मी स्वतःला दिलेली सबब. पुसायचं मात्र कधी झालं नाही.

त्या रेघांच्या मागोमाग पुस्तक वाचत गेले तेव्हा माझं जुनं वाचन माझ्यासमोर उघडं पडलं. लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक यांचा विसरभोळेपणा, न सांगता घरातून निघून जाणं, खिशातलं दुसऱ्याला देऊन टाकणं, त्यांचा राग, लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड, अशा हसू येईल त्या प्रत्येक जागी रेघ होती. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढलेली वर्षं आहेत. गेलेल्या मुलांच्या आठवणी आहेत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने जातीचा विचार मनातून कसा काढून टाकला, ते आहे. त्या पानांवर एकही रेघ नव्हती. ती पानं मी वाचली नव्हती असं नाही. पुढचा हसरा प्रसंग कधी येतो याची वाट पाहत ती मी ओलांडली होती.

वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आले, की ही साध्याभोळ्या बाईने घरगुती भाषेत सांगितलेली आठवणींची गोष्ट आहे. आता वाचताना या 'भोळ्या' बाईची ताकद समोर आली. वडिलांच्या सोवळ्याची गंमत सांगताना त्या हेही सांगतात, की 1857 च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून ते सोवळं वाढलं. म्हणजे ज्या जागी मी हसले, त्या जागेखाली एक फाशी होती आणि बाईंनी ती लपवलेली नव्हती. पुस्तकाचे भाग 1934 पासून निघू लागले, तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. टिळक 1919 सालीच गेले होते. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. एवढं काम करणारी लेखिका काय सांगायचं आणि कुठे थांबायचं हे नेमकं जाणते. तिचं हसू हा तिचा निर्णय आहे. मी तो तिचा स्वभाव समजले आणि मुलांनाही तसंच शिकवलं.

मी त्या सगळ्या रेघा पुसल्या. ग्रंथपालांना जाऊन सांगितलंही, की या प्रतीत खुणा माझ्या होत्या. पण मधल्या काळात ही प्रत किती जणांच्या हातात गेली असेल! माझ्या रेघांनी त्यांनाही हसण्याच्या जागांकडेच ओढत नेलं असेल, आणि ते आता पुसता येणार नाही.

दुसरं पुस्तक गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीतच होते. 2007 साली त्या बंडाला दीडशे वर्षं झाली, तेव्हा एका शाळेत मी या पुस्तकावर व्याख्यान दिलं. झाशीचा भाग रंगवून सांगितला आणि शेवटी म्हणाले, की डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाचे हे शब्द जसेच्या तसे आपल्यापर्यंत आले आहेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ते शब्द जसेच्या तसे नव्हते. माझ्या हातात होती ती चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापलेल्या पुस्तकाची पुढची आवृत्ती. वैद्यांच्याच सांगण्यावरून भटजींनी हे लिहिलं, पण छापताना वैद्यांनी त्यात बराच फेरफार केला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती 1966 साली आली. आमच्या वाचनालयात दोन्ही होत्या, एकाच कपाटात. मी हाताला आली ती घेतली, प्रस्तावना टाळून थेट झाशीचं प्रकरण काढलं आणि त्यावर व्याख्यान बेतलं. यंदा दुसरी प्रत आणली, प्रस्तावनेपासून वाचली आणि आपण भरल्या सभागृहात काय ठासून सांगितलं होतं ते आठवलं.

आवृत्तीची चूक तरी एका वाक्याने दुरुस्त होते. तिच्याहून मोठी चूक वेगळीच होती. मला त्या पुस्तकातून राणी लक्ष्मीबाई हवी होती, म्हणून मी तेवढीच घेतली. पुस्तक आहे ते कर्जात बुडालेल्या घरातल्या एका तरुणाचं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, या आशेने तो काकांबरोबर निघतो. वाटेत मिळवतो, लुटला जातो, पुन्हा मिळवतो, पुन्हा लुटला जातो. शेवटी आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन घरी येतो. राज्यं उलथत असताना एका गरीब भिक्षुकाला काय दिसतं, कशाची भीती वाटते, पोटाची सोय कशी करावी लागते, हे इतकं जवळून सांगणारं पुस्तक मराठीत दुर्मीळ आहे. आणि मी त्या माणसालाच माझ्या व्याख्यानातून वगळलं होतं. त्या शाळेत मी परत गेले. मुख्याध्यापकांकडून एक तास मागून घेतला आणि मुलांना दोन्ही आवृत्त्या दाखवल्या. पण ही मुलं दुसरी होती. ज्यांना मी चुकीचं सांगितलं ती केव्हाच मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती.

उद्धव शेळके यांच्या 'धग'बद्दलची चूक सांगायला सोपी आहे, पण ती मला जास्त लागली. 1960 सालची ही कादंबरी मी पूर्वी सुरुवातीच्या पानांतच सोडली होती. वऱ्हाडी बोली जमेना आणि नायिका कौतिकचं दुःखही संपेना. सोडली ती सोडली, पण आमच्या महिला वाचक मंडळात तिच्याबद्दल मत दिलं. अमरावतीकडची एक बाई नवऱ्याच्या बदलीमुळे नुकतीच गावात आली होती. इथल्या बोलण्यात तिला अजून परकं वाटत असे. तिने विचारलं, "हे घेऊ का?" मी म्हणाले, "फार रडवं आहे, नका घेऊ." तिने पुस्तक परत कपाटात ठेवलं.

यंदा मी 'धग' मोठ्याने वाचली. बोली कानावर पडू लागली तसा अडसर गेला. मी ज्याला रडवं म्हटलं होतं त्यात कौतिक रडत बसलेली नाहीच. नवरा कामाचा नाही, पुढे त्याला महारोग होतो. मुलांचं कसं होणार, हा प्रश्न रोज दारात उभा असतो. तरी ती उद्याचा विचार करते, कष्ट करते, भांडते, पुन्हा उभी राहते. वाचकाला धग लागते ती तिच्या या न थांबण्याची. त्या अमरावतीच्या बाईला परक्या गावात आपल्या माहेरच्या बोलीतलं एक थोर पुस्तक वाचायला मिळालं असतं. न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊन मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. त्यांची पुन्हा बदली झाली आणि आमचा संपर्क राहिला नाही.

आता सगळ्यांत जड भाग. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'.

बेबीताई फलटणच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. पुस्तक 1986 साली आलं, त्याआधी 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः प्रसिद्ध झालं होतं. मी ते पुस्तकरूपात वाचलं आणि वाचक मंडळात म्हणाले, की आत्मचरित्र म्हणून ते थोडं उणं वाटतं. लेखिका स्वतःबद्दल फारसं बोलतच नाही, सगळं महारवाड्याचंच सांगते. आत्मचरित्रात माणसाने आपलं अंतरंग उघडावं, असा माझ्या डोक्यात एक साचा होता. तो मी कुठून घेतला आणि तो सगळ्यांना का लागू व्हावा, हे स्वतःला कधी विचारलं नाही.

यंदा पुन्हा वाचलं तेव्हा पहिल्या काही पानांतच तो साचा गळून पडला. बेबीताई एकटीची कथा सांगायला बसलेल्याच नाहीत. त्या आपल्या वाड्याची साक्ष देतात. उपाशीपोटी घालवलेले दिवस, अंगात येणं, आषाढातले नवस, कोवळ्या वयात सासरी आलेल्या मुलींचा छळ, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दाने बदलत गेलेली माणसं. दलित पुरुषांनी आणि सासवांनी सुनांवर केलेले अत्याचारही त्या झाकत नाहीत. आपल्याच माणसांबद्दल इतकं खरं सांगायला जे धैर्य लागतं, त्यात त्यांचं अंतरंग पुरेपूर उघडलेलं आहे. मला ते दिसलं नाही, कारण मी ते 'मी' या शब्दात शोधत होते.

बेबीताईंचं फलटणला छोटंसं दुकान होतं. त्यांनी स्वतः सांगितलं आहे, की माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या दुकानात बसून वाचत. आणि हे पुस्तक त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिलं. कुणाच्या हाती लागू नये म्हणून वह्या दडवून ठेवल्या. मॅक्सिन बर्नसन या फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक बाईंनी आग्रह धरला तेव्हा ते लेखन बाहेर आलं.

हे कळल्यावर मला 'स्त्री'तलं मूळ लेखन पाहावंसं वाटलं. ते कोणत्या लेखांच्या शेजारी छापलं होतं, बायकांच्या हाती पहिल्यांदा कोणत्या रूपात गेलं, ते बघायचं होतं. वाचनालयात जाऊन 'स्त्री'चे बांधीव अंक मागितले. टेबलावरच्या मुलाने नोंदवही उघडली आणि म्हणाला, "बाई, ते बाद केलेत."

कोणी बाद केले, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी होते. जागा अपुरी होती, कपाटं भरून पुस्तकं जमिनीवर आली होती. 'ब' वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान किती आणि खर्च किती हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जुनं काय काढायचं, असा प्रश्न आला. मी सुचवलं, की पुस्तकाच्या मागे चिकटवलेला तारखांचा कागद पाहू. ज्याच्यावर बरीच वर्षं शिक्का पडलेला नाही ते काढू. सगळ्यांना ते पटलं. बांधीव मासिकं तर घरी दिलीच जात नव्हती, ती तिथेच बसून वाचायची होती, त्यामुळे त्यांच्यावर शिक्का पडण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या कसोटीत त्यांचा बळी पहिला गेला. यादीवर माझी सही आहे. 1930 साली किर्लोस्करांनी सुरू केलेल्या, मराठी बायकांच्या कितीतरी पिढ्यांनी वाचलेल्या मासिकाचे आमच्या गावातले अंक मी रद्दीत घातले.

रद्दीचे कागद वाचत जी बाई लेखिका झाली, तिचं लेखन छापलेले अंक मी रद्दीत पाठवले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तिचं पुस्तक मी नीट वाचलं असतं तर ते 'स्त्री'त आधी आलं होतं हे मला तेव्हाच महत्त्वाचं वाटलं असतं. सही करण्यापूर्वी मी त्या बांधीव खंडांची पानं तरी चाळली असती. वाचनातली चूक पुढे कृतीतली चूक होते, हे मला तिथे कळलं. फलटणला एसटीने जाऊन येता येतं. बेबीताई 2012 पर्यंत तिथे होत्या, आणि मी त्यांना भेटायला एकदाही गेले नाही. जायला हवं असं कधी वाटलंच नव्हतं, कारण मी त्यांच्या पुस्तकाचा निकाल लावून मोकळी झाले होते.

या सगळ्या चुका मांडून पाहिल्या तर त्यांचं मूळ एकच दिसतं. पुस्तक उघडण्याआधीच त्याच्यात काय मिळणार हे मी ठरवलेलं असे. लक्ष्मीबाईंकडून हसू, भटजींकडून राणी, शेळक्यांकडून रडगाणं, बेबीताईंकडून एकटीचं आत्मचरित्र. ठरवलेलं सापडलं की मी खूश होत असे आणि सापडलं नाही की लेखकाला उणं ठरवत असे. खूप वाचल्याने हा दोष कमी झाला नाही. उलट वाढला, कारण लोक मला विचारत गेले, मी उत्तरं देत गेले आणि दिलेल्या उत्तराशी बांधली गेले.

वाचनालयाने मला यातून बाहेर पडायची वाट दिली, हे कृतज्ञतेने सांगायला हवं. घरच्या कपाटातलं पुस्तक आपलं असतं, म्हणून ते आपण वाचलेलं आहे असंच धरून चालतो. वाचनालयाचं पुस्तक परत जातं, पुन्हा मागावं लागतं, आणि पुन्हा मागणं म्हणजे आपलं मत पुन्हा तपासायला तयार होणं. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथन यांनी 1931 साली मांडले. त्यांतला एक असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. समितीवर बसून मी त्याचा अर्थ उलटा लावला होता. ज्याला वाचक मिळाला नाही ते पुस्तकच निकामी, असं मी धरून चालले. खरं तर वाचक मिळेपर्यंत ते पुस्तक सांभाळून ठेवणं आणि त्याच्यापर्यंत वाचक आणणं हे वाचनालयाचं काम आहे. त्या अंकांचा एक वाचक मी स्वतःच होते, फक्त उशिरा पोचले.

मी समितीला पत्र दिलं आणि माझी चूक त्यात स्पष्ट लिहिली. दोन सूचनाही केल्या. बाद करायच्या पुस्तकांची यादी आधी महिनाभर फलकावर लावावी आणि सभासदांना हरकत घेऊ द्यावी. मासिकं आणि संदर्भग्रंथ तिथेच बसून वाचणाऱ्यांसाठी वेगळी वही ठेवावी, म्हणजे शिक्का नाही म्हणून वाचन झालंच नाही असा समज होणार नाही. दोन्ही सूचना मान्य झाल्या आहेत. 'स्त्री'चे जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर वाचनालयाला द्यावेत, असं मी ओळखीच्या घरांतून सांगत फिरते आहे. काही सुटे अंक मिळाले आहेत, 1982 चे अजून मिळालेले नाहीत.

आणि ज्या विद्यार्थिनीच्या फोनने हे सगळं सुरू झालं, तिला मी परत फोन केला. दिलेलं टाचण फाडून टाक म्हणाले. 'स्मृतिचित्रे' आधी स्वतः पूर्ण वाच, जिथे हसू येईल तिथे थांब, आणि लेखिका हे आत्ता, इथेच का सांगते आहे, असं मुलांना विचार. उत्तर माझ्याकडे मागू नकोस. मीही ते अजून शोधते आहे.